संध्याकाळी आजीचे पाय का सुजतात?

सकाळी आजीच्या पायांत सहज जाणारी चप्पल संध्याकाळी घट्ट होते. "वय झालं, दुसरं काय!" म्हणून ती विषय संपवते. पण मित्रांनो, वय तर सकाळीही तेवढेच होते! मग सूज संध्याकाळीच का?

उत्तराची सुरुवात तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातच आहे. द्रवाचा दाब खोलीबरोबर वाढतो. उभ्या माणसाचा घोटा हृदयापासून सुमारे १२० सेंटीमीटर खाली असतो. रक्त पाण्याहून किंचित जड, तर पारा पाण्याच्या १३.६ पट जड. गणित करून पाहा. घोट्यावर पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटर स्तंभाइतका जादा दाब पडतो! आडवे झालो की तो जवळजवळ नाहीसा होतो.

या दाबामुळे केशवाहिन्यांच्या पातळ भिंतींतून पाणी बाहेर झिरपते. रक्तातील प्रथिने ते आत धरून ठेवू पाहतात. ही रस्सीखेच इंग्लंडमधील शास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये मांडली. झिरपलेले पाणी लसीकावाहिन्या गोळा करून पुन्हा रक्तात सोडतात. त्यांना झेपेल त्याहून जास्त पाणी झिरपले, की सूज येते.

मग तुमचे पाय का सुजत नाहीत? चालताना पोटरीचे स्नायू नीला दाबून रक्त वर ढकलतात आणि नीलांतील झडपा ते खाली येऊ देत नाहीत. म्हातारपणी स्नायू दुबळे होतात, झडपा सैल पडतात. त्यात पाय लोंबते ठेवून बराच वेळ बसणे! अधूनमधून चालल्याने, पाय उंच ठेवल्याने ही सूज उतरते.

पण प्रत्येक सूज अशी साधी नसते. हृदय दुबळे झाले तर रक्त मागे तुंबते. मूत्रपिंडांतून प्रथिने गळू लागली किंवा यकृत ती पुरेशी बनवेनासे झाले, तर रस्सीखेचीची एक बाजूच सैल पडते. मूत्रपिंडाच्या विकारात हात आणि चेहराही सुजू शकतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पाय सुजतात. मात्र त्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात, डॉक्टरांना विचारायचे असते.

आज आजीच्या नडगीवर अंगठा हलकेच दहा सेकंद दाबून पाहा. खळगा तसाच राहिला, तर तेथे पाणी साठले आहे. सूज रोज येत असेल तर घरी सांगा आणि आजीला डॉक्टरांकडे न्या. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर नीलेत गुठळी असू शकते. अशा वेळी, किंवा सुजेबरोबर धाप लागली तर, सकाळची वाट पाहू नका.