नोटीस लागली, पण पोचली का?

सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यांवर पावसाळ्याच्या तोंडाशी महापालिकेच्या नोटिसा लागतात. १९४९ च्या महापालिका अधिनियमातलं कलम २६४ पडायला आलेल्या वास्तूंसाठी, २६८ त्या रिकाम्या करून घेण्यासाठी. कागद दाराला चिकटला की नोटीस बजावली असं धरतात. आत एकट्या राहणाऱ्या अंध भाडेकरूला ती कुणी वाचून दाखवली का, याची विचारपूस होत नाही.

ही रीत फार जुनी आहे. नोटीस हातात द्यावी, घरच्या माणसाकडे किंवा नोकराकडे द्यावी, नाहीच जमलं तर जागेवर ठळकपणे लावावी, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं कलम १०६. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं थकलेलं भाडं भरायला नोटिशीनंतर ९० दिवस दिले, पण ती बजावायची याच १०६ प्रमाणे. घरातल्या ज्यानं ती घेतली त्यानं सांगितलंच नाही, तर ते ९० दिवस भाडेकरूच्या नकळत संपतात. बौद्धिक दिव्यांगासाठी दिवाणी न्यायालय पालक नेमू शकतं, तेही दावा दाखल झाल्यावर. नोटीस त्याआधीच येऊन गेलेली असते.

२००२ च्या सरफेसी कायद्यात कर्ज थकलं की बँकेची ६० दिवसांची नोटीस येते. ताबा घेतल्यावर सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत जाहिरात द्यावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. भाषेचा विचार झाला, ब्रेलचा नाही. २००८ साली स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं, तेव्हापासून मराठी ब्रेल छापता येत नाही ही सबब उरलेली नाही. २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नव्या एटीएमपैकी किमान एक तृतीयांश बोलणारी हवीत असं बँकांना सांगितलं. पैसे काढताना यंत्र बोलतं आणि घर जाताना नुसता कागद येतो, हे मला सहन होत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं माहिती सुलभ स्वरूपात देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या कायद्याखालचा नियम १५(१) अवैध ठरवला, कारण सक्तीच्या जागी त्यात शिफारशीच होत्या.

महापालिकेकडे धोकादायक वाड्यांची यादी असते, दिव्यांग योजनांच्या लाभार्थ्यांचीही. त्या दोन्ही ताडून पाहाव्यात, नोटीस लावणाऱ्याबरोबर ती वाचून दाखवणारा आणि कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी पाठवावा. यासाठी नवा कायदा लागत नाही.