डिझेल शासनाचे, यंत्र समाजाचे

भागीदारी हा शब्द व्यापारी घराण्यांना नवा नाही. भांडवल कोणाचे, मेहनत कोणाची आणि खोट आलीच तर ती कोणी सोसायची, हे आधी कागदावर उतरते; दुकानाची पाटी त्यानंतर लागते. शासन आणि सेवाभावी संस्था एकत्र येतात तेव्हा मात्र पुष्कळदा हारतुरे आधी होतात आणि हिशेबाचा कागद मागाहून शोधावा लागतो. कापूस, सोयाबीन, हळद आणि ऊस यांवर ज्याची बाजारपेठ उभी आहे, त्या उमरखेड तालुक्यात तरी या भागीदारीकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहणे अगत्याचे आहे.

तालुक्याच्या कडेने पैनगंगा वाहते, तिच्यावरील ईसापूरचे विस्तीर्ण धरणही दूर नाही. परंतु मोठ्या धरणाचे पाणी प्रत्येक शिवारात पोहोचत नसते. जिथे कालवा नाही, तिथल्या शेतकऱ्याची भिस्त गावतलावावर आणि पाझर तलावावर. दर पावसाळ्यात शेतांची माती वाहून येते आणि तलावाचे पोट गाळाने भरत जाते. शेताची सुपीकता तळ्यात जाऊन बसते आणि तळ्यातील पाण्याची जागा जाते. एकाच मालाचे हे दुहेरी नुकसान. तो गाळ काढून पुन्हा शेतात पसरला, तर दोन्हीकडची तूट एकदम भरून निघते. एक घनमीटर गाळ निघाला की 1000 लिटर पाण्याला जागा होते, हा हिशेब अगदी सरळ आहे.

याच विचारातून महाराष्ट्र शासनाने 2017 साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली. गाळ काढण्यासाठी यंत्र आणि इंधनाचा भार शासन व संस्था यांनी उचलायचा, गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याने करायचा आणि तलावातील वाळूला मात्र कोणी हात लावायचा नाही, अशी तिची मांडणी होती. यातील शेवटची अट ज्याने घातली, त्याला गावांचा चांगला अनुभव असावा.

या योजनेला जे ठळक रूप आले, त्यात आपल्या समाजातून उभ्या राहिलेल्या संस्थेचा वाटा मोठा आहे. शांतिलाल मुथ्था यांनी 1985 साली स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर सुमारे 1200 मुलांना पुण्याजवळ वाघोलीला आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. 2001 च्या गुजरात भूकंपानंतर तिने शाळा उभारून शासनाच्या स्वाधीन केल्या. 2013 च्या दुष्काळात बीड जिल्ह्यात तलावांतील गाळ काढण्याचे काम झाले. लाभार्थी कोणत्या धर्माचा वा जातीचा, हा प्रश्न यांपैकी कोठेही आड आला नाही.

पुढे 2018 साली आपल्याच विदर्भातील बुलढाणा जिल्ह्यात ‘सुजलाम सुफलाम’ हा उपक्रम सुरू झाला. संघटनेने शंभराहून अधिक यंत्रे उतरवली, डिझेलचा खर्च शासनाने केला आणि गाळ शेतकऱ्यांनी नेला. जमीन, परवानगी आणि निधी शासनाकडे. धावपळ करणारी माणसे आणि झटपट निर्णय संस्थेकडे. आणि कामाची खरी गरज शेतकऱ्याला. तिघांपैकी एकाचेही काम दुसऱ्याच्या गळ्यात पडले नाही, हे मला या उपक्रमाचे मर्म वाटते. संस्थेने शासनाचे कर्तव्य आपल्या शिरावर घेतले की शासन निर्धास्त होते, आणि संस्था केवळ देयकावर जगू लागली की ती कंत्राटदार होते. दोन्ही टोके वाईट.

मूळ योजनेत एक दोष होता. ट्रॅक्टरवाला शेतकरी गाळ नेई आणि अल्पभूधारक काठावर उभा राही. 2023 मध्ये योजना नव्याने राबवताना शासनाने ही त्रुटी काही प्रमाणात दूर केली. अत्यल्प व अल्पभूधारक शेतकरी, विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील शेतकरी यांना वाहतुकीसाठी घनमीटरला 35.75 रुपये, एकरी 15 हजारांपर्यंत आणि अडीच एकरांसाठी जास्तीत जास्त 37 हजार 500 रुपये अनुदान ठरले. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या यवतमाळ जिल्ह्यात या एका तरतुदीचे मोल वेगळे सांगायला नको.

मात्र अनुदान हाती पडते ते मोजमाप आणि तपासणी झाल्यानंतर. तोपर्यंत ट्रॅक्टरचे भाडे कोणी द्यायचे? विधवा शेतकरी भगिनीकडे ते नसते, छोट्या संस्थेच्या गंगाजळीतही नसते, आणि काम नेमके इथे अडते. उधारीचे दिवस सांभाळणे ही तर व्यापाऱ्याची रोजची विद्या. उमरखेडच्या समाजबांधवांनी मोठ्या देणगीचा संकल्प करण्यापेक्षा एखादा फिरता निधी उभारला, अनुदान आले की रक्कम परत, मग पुढच्या शेतकऱ्याला, तर तेच पैसे अनेक हंगाम फिरत राहतील. ट्रॉलीगणिक चिठ्ठी फाडणारा आणि सायंकाळी बेरीज जुळवणारा एखादा निवृत्त मुनीम तलावाच्या काठावर बसवला, तर मोजमापाचे निम्मे वाद तिथेच मिटतील.

गाळ काढण्याला मुदत फार थोडी असते. तलाव आटल्यापासून मृगाच्या सरींपर्यंत जेमतेम दोन-तीन महिने. त्यामुळे ग्रामपंचायतीचा ठराव, तलावाची निवड आणि जलसंधारण विभागाची संमती ही कामे हिवाळ्यातच उरकावी लागतात.