संकेतस्थळाचे पहारेकरी

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यांतील लहानशा शाळेच्या संकेतस्थळास चोराचें भय कसलें, असें कोणीं समजूं नये. तेथें मुलांचीं नांवें व पालकांचे दूरध्वनि-क्रमांक असूं शकतात. १४ जून २०२२ रोजीं तर खुद्द ठाणे शहर पोलिसांच्या संकेतस्थळावर परक्यांनीं ताबा मिळवून आपला मजकूर झळकविला होता.

२००३ सालीं निघालेल्या ‘वर्डप्रेस’ या व्यवस्थेवर जगांतील असंख्य स्थळें उभीं आहेत. तिला जोडावयाच्या पूरक साधनास ‘प्लगिन’ म्हणतात. संरक्षणाचें प्लगिन पहारेकऱ्याचें काम करितें. वारंवार चुकीचा परवलीचा शब्द टाकणारास तें अडवितें. फाइलींत कोणीं फेरफार केल्यास इशारा देतें. आणि परवलीच्या शब्दाखेरीज मोबाइलवर आलेले अंकही मागूं शकतें.

परंतु प्रत्येक प्लगिन म्हणजे भिंतीस पाडलेला नवा दरवाजाही होय. ‘फाइल मॅनेजर’ नामक प्लगिन सात लाखांहून अधिक स्थळांवर होतें. सप्टेंबर २०२० मध्यें त्यांत असें छिद्र सांपडलें कीं, परवलीचा शब्द न देतांच कोणीही आपली फाइल आंत घालूं शके. कर्त्यांनीं लागलीच सुधारलेली आवृत्ति काढली. ज्यांनीं ती घेतली त्यांचें दार बंद झालें. ज्यांनीं आळस केला त्यांचें उघडेंच राहिलें.

माहुलीसारखा उंच गडही दरवाजावरील पहारा ढिला पडल्यास सुरक्षित राहत नाहीं. म्हणून प्लगिनें गरजेपुरतींच ठेवावीं, अधिकृत भांडारांतूनच घ्यावीं, वेळच्या वेळीं अद्ययावत् करावीं, नको तीं काढून टाकावीं, आणि सर्व स्थळाची एक प्रत निराळ्या ठिकाणीं जपावी. पहारेकरी नेमला म्हणून धन्यानें झोपूं नये.