हातची निगा (लेखांक ४) : बांध फोडू नका

नागपंचमीची मेंदी तळहातावरून पंधरवड्यात उतरते. नखांवर मात्र ती दिवाळीपर्यंत टिकते, फक्त जागा बदलते. मुळाकडून कोरं नख येत राहतं आणि लाल रंग टोकाकडं सरकतो. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, त्याचा हा घरबसल्या पुरावा. अख्खं नख नवं व्हायला सुमारे ६ महिने लागतात; पायाच्या अंगठ्याला १२ ते १८.

जे नख आपण कापतो ते निर्जीव केराटिन. जिवंत कारखाना मुळाशी, कातडीखाली असतो. त्याच्या तोंडाशी नखाला चिकटलेली पातळ कातडी, म्हणजे क्युटिकल, शेताच्या बांधाचं काम करते : पाणी आणि जंतू आत जाऊ देत नाही. हात नेटका दिसावा म्हणून ती कातरली की बांध फुटला. मग कडेला लाली, ठणका, पू, म्हणजेच नखुरडं. गगनबावडा-राधानगरीकडं रोपलावणीत दिवसभर हात-पाय चिखलात असतात, तिथं चिखल्या आणि नखुरडी नवी नाहीत. कोल्हापुरात चिखल नसला तरी धुण्या-भांड्यांचं पाणी आहेच. ओलं-कोरडं होत राहिलेलं नख फुगतं, आक्रसतं आणि शेवटी पापुद्रे सुटतात. भांडी घासताना रबरी हातमोजे हा म्हणूनच मॅनिक्युअरचा पहिला खर्च.

आता कृती. जुनं नेलपॉलिश रिमूव्हरच्या कापसानं काढा; कापूस काही सेकंद दाबून धरा, खरवडू नका. नखं सरळ कापा, कोपरे किंचित गोलावा. फाइल एकाच दिशेनं फिरवा, तीही नख कोरडं असताना; ओलं नख करवतीसारखं मागंपुढं घासलं तर चिरतं. मग पाचेक मिनिटं कोमट पाण्यात बोटं बुडवा, टॉवेलनं क्युटिकल हलकेच मागं सारा आणि तिथंच थांबा. खोबरेल तेलाचा थेंब मुळाशी चोळा. रंग लावायचा असेल तर नखावरचं तेल पुसून आधी बेस कोट, म्हणजे गडद रंगाचा पिवळेपणा नखात उतरत नाही. त्यावर रंगाचे दोन पातळ हात, मधे वाळू देऊन. एक जाड हात लवकर सोलतो.

लहानपणी बगळ्यांचा थवा दिसला की आपण नखं घासत त्यांच्याकडं कवड्या मागायचो आणि नखावर पांढरा ठिपका उमटला की बगळ्यानं दिली म्हणायचो. मोठेपणी त्याच ठिपक्याला कॅल्शियमची कमतरता म्हणतो. दोन्ही समजच. बहुतेकदा तो मुळाला कधीतरी बसलेल्या बारीक माराचा डाग असतो आणि नखाबरोबर पुढं जाऊन कापला जातो.

काही खुणा मात्र अंगावर काढू नयेत. नख चमच्यासारखं खोलगट झालं तर रक्तातलं लोह तपासा. जाड, पिवळं, भुसभुशीत नख बुरशीचं असू शकतं. त्यावर नेलपॉलिशचं पांघरूण घालू नका. एकाच नखावर नवी काळी उभी रेघ दिसली किंवा मधुमेह असताना नखुरडं झालं, तर घरगुती उपाय न करता थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

या रविवारी हात घेऊन बसाल तेव्हा कात्री नखाच्या टोकापुरतीच वापरा. मुळाशी तिचं काम नाही.

(पुढील आठवड्यात : टाचांच्या भेगा)