किलोवरचा मोर

संपादकांचा निरोप एका ओळीचा होता: गावाकडचे वेल्डर आता चित्रंही करायला लागलेत म्हणे, जाऊन बघा. त्या ‘म्हणे’च्या भरवशावर मी धामणगाव बढेला उतरलो. धामणगाव म्हटलं की बहुतेकांना अमरावतीकडचं, रेल्वेचं धामणगाव आठवतं. हे मोताळा तालुक्यातलं, घाटाखालचं, कपाशी आणि मक्याच्या मुलखातलं. रस्त्याकडेला पत्र्याचं शेड, बाहेर रेड ऑक्साइड मारून वाळत टाकलेल्या ट्रॉलीच्या फळ्या, आणि आत काट्यावर एक मोर.

काटा म्हणजे वजनकाटा. दोन मिलिमीटर पत्र्यातून कापलेला, एकेक पीस जोडून केलेला मोर त्यावर आडवा पडला होता. ज्याच्या नव्या घराच्या गेटवर तो बसायचा होता तो शेतकरी वाकून आकडा वाचत होता. साडेअकरा किलो. ‘बस, एवढाच?’ तो म्हणाला. कारागीर गप्प राहिला. त्याचे नऊ दिवस त्या मोरात गेले होते.

गिऱ्हाईक गेल्यावर त्यानं मला हिशेब समजावला. फॅब्रिकेशनचं काम किलोवर जातं. गजाच्या व्यासाचा वर्ग करायचा, 162 ने भागायचं, की मीटरचं वजन निघतं: बाराचा गज 888 ग्रॅम, सोळाचा 1 किलो 580. एक मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला 7 किलो 850. शेड, ग्रिल, टाकीचा स्टँड, ट्रॉली यांना हा हिशेब चपखल बसतो. मोराला बसत नाही. पिसाच्या कडा ग्राइंडरनं जितक्या घासाव्या तितकं काम वाढतं आणि वजन घटतं. ‘हात जास्त लागला की पैसे कमी. असा धंदा पाह्यला का कुठं?’

नाव छापू नका, असं त्यानं आधीच बजावलं होतं. ‘ज्याईच्याकडं पैसे अटकले ते वाचतीन, अन् मंग तेबी देणार नाहीत.’ म्हणून तो इथे नुसता कारागीर आहे.

उन्हाळ्यात तो लोखंडाचा माणूस असतो आणि शाळा उघडायच्या आधीचे काही आठवडे भिंतीचा. जिल्हा परिषदेच्या शाळांतून ‘बोलक्या भिंती’ रंगवायच्या असतात: पाढे, बाराखडी, सूर्यमाला, महाराष्ट्राचा नकाशा. शिवाय देवळाचा सभामंडप, बुद्धविहाराची दर्शनी भिंत, कुणाच्या बैठकीत हवा असलेला सिमेंटचा उठाव. ही कामं फुटावर जातात. आणि फूट हे माप किलोपेक्षा भलं नाही, हे त्यानं मला नकाशावरून पटवलं. 2014 च्या ऑगस्टमध्ये ठाण्यातून पालघर निघालं आणि पस्तिसाचे छत्तीस जिल्हे झाले; एक रेघ वाढली. नंतर औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. जिल्हा तेवढाच, भिंत तेवढीच, अक्षरं दुप्पट. बारीक कुंचल्यानं ती त्या जिल्ह्याच्या हद्दीत बसवताना त्याला जुनी पाटी परवडली होती. फूट मात्र एकही वाढला नाही.

लोखंड आणि भिंत एकाच छपराखाली नांदणं हे आजचं खूळ नव्हे, हे सांगायला मी घरून तयारीनं गेलो होतो. मुंबईचं जे. जे. स्कूल 1857 मध्ये सुरू झालं आणि 1865 मध्ये तिथे विलायतेहून तीन शिक्षक आले: शोभाचित्रणासाठी जॉन ग्रिफिथ्स, शिल्पासाठी लॉकवुड किपलिंग आणि नक्षीदार लोखंडकामासाठी हिगिन्स. पुढे व्हिक्टोरिया टर्मिनसच्या सजावटीत याच शाळेतल्या विद्यार्थ्यांचे हात लागले. विसाव्या शतकात ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी भित्तिचित्रांचा खास वर्ग काढला आणि त्यातली मुलं दिल्लीच्या सचिवालयाच्या भिंती रंगवून आली. कारागिरानं चहा संपेपर्यंत हे ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘त्या मास्तराईले किलोवर भेटत होते का पगारी होते?’

‘पगारी.’

‘मंग बरोबर आहे,’ तो म्हणाला आणि उठला.

त्याचं काम पाहताना मी सगळ्यात जास्त वेळ एका साध्या चौकटीपाशी रेंगाळलो. स्क्वेअर पाइपचे चार तुकडे जमिनीवर मांडले, गुण्या लावला, कोपऱ्यांना टाके मारले आणि मग दोन्ही कर्णांवर टेप धरली. दोन्ही मापं सारखी हवीत. आली. तरी त्यानं एक कोपरा हातोडीनं हलका ठोकून मुद्दाम दोन मिलिमीटर बिघडवला. मला वाटलं हात चुकला. ‘वेल्डिंग वढते,’ तो म्हणाला. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं आणि ज्या बाजूला भरलं त्या बाजूला पाइप खेचून घेतं. म्हणून आधीच उलट्या बाजूला तेवढं वाकडं ठेवायचं. समोरासमोरचे कोपरे आळीपाळीनं भरत तो फिरला, बारा नंबरचा रॉड चरचरत संपला, पोपडी झाडली, पुन्हा टेप धरली. कर्ण जुळले. दोन मिलिमीटर कुठे गेले ते लोखंडालाच ठाऊक. कोणत्या पाइपला किती बिघडवायचं याचं कोष्टक त्याच्याकडे नाही. वीस वर्षांचं वाकडेपण तेवढं आहे.

चित्राच्या बाबतीतही तो असाच पुढचं धरून चालतो, पण तिथे डाव त्याच्या हातात राहत नाही. इथली माती काळी. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घेऊन बांधलेली भिंत दर वर्षी थोडी उचलली जाते, थोडी बसते. रंगवलेल्या शिवाजी महाराजांच्या मंदिलापासून घोड्याच्या मानेपर्यंत केसाएवढी रेघ येते, पुढच्या वर्षी तीत नख जातं. गावकरी म्हणतात, पेंटरनं रंग हलका वापरला.

या घाटाच्याच डोंगररांगेत, इथून दूर नाही, अजिंठा आहे. तिथल्या 16 क्रमांकाच्या लेण्यात ते खोदवून घेणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे: वराहदेव, वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री. चित्रं कुणी काढली ते कुठेच नाही. मातीत भुसा आणि धागे कालवून केलेला गिलावा, वर चुन्याचा पातळ हात, वाळल्यावर गेरू, काजळी आणि हिरव्या मातीचे रंग. सुमारे पंधराशे वर्षं त्यातलं बरंच टिकलं, कारण पाठीमागे अखंड काळा बेसॉल्ट आहे. गंमत अशी की धामणगावची काळी मातीही त्याच बेसॉल्टची. झिजून झिजून त्याची माती झाली. खडक होता तोवर चित्र धरून बसला, माती झाल्यावर भिंत हलवायला लागला. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा खरा खूश झाला. ‘म्हंजे आमच्या वाट्याले भुगा आला म्हना!’

अडचणींचं पुढे लिहू असं ठरवलं होतं, पण त्या वहीत मोराच्या आधीच घुसल्या आहेत. शहरातून सीएनसीवर कापलेल्या जाळ्या येतात. फोनवर नक्षी दाखवा, दोन दिवसांत पत्रा हजर. तो मोरही असाच मागवता आला असता, शेतकऱ्यानं ते सुनावलंही होतं. भिंतीच्या बाजूनं फ्लेक्स आहे, जो फाटतो पण उद्याच्या वाढदिवसाला आज मिळतो. इसार हातात पडतो तो लोखंड आणण्यातच जातो आणि उरलेली रक्कम कापूस विकण्यावर अवलंबून. कापूस भाववाढीच्या आशेनं घरात पडलेला, म्हणजे मजुरीही तिथेच पडलेली. देणगीदारांची नावं देवळाच्या कमानीवर त्यानंच वीतभर अक्षरांत लिहायची आणि आपला मोबाइल नंबर खालच्या कोपऱ्यात बोटभर. तोही एका ठिकाणी पुसायला लावला होता.

डोळ्यांचं तो सहज बोलून गेला. घाईत काच न धरता चार टाके मारले की रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पाणी थांबत नाही. बायको बटाट्याचे काप ठेवते. उजेडातल्या अतिनील किरणांनी बुबुळ भाजतं, काप ठेवून ते कसं बरं होणार, हे बोलायचं मी टाळलं नाही. ‘डाक्टरबी हेच म्हनते,’ तो म्हणाला. काच खिळ्याला टांगलेली होती, धुळीनं भरलेली. याच हातानं, याच डोळ्यांनी जूनमध्ये बारीक कुंचला धरायचा आहे, याची काळजी त्याच्यापेक्षा मलाच जास्त वाटत होती, आणि ती फुकटची होती.

दुपारनंतर शेतकरी परत आला. मोर बसवलेलं गेट उभं करून बघायचं होतं. रंगाआधीची शेवटची तपासणी. मोर त्याला आता आवडला. फोटो काढला, कुणालातरी पाठवला. अडला तो कडीपाशी. आगळ ज्या पट्टीत जाते तिचं भोक गोल नव्हतं, उभं लांबट होतं, आगळ वरखाली हलेल असं. शिवाय गेटाखाली दोन इंचांची फट. ‘भोक चुकलं का? अन् खालून कोंबड्या जातीन ना.’

कारागिरानं पायानं जमीन दाखवली. खांब मुरुमापर्यंत नेलेत, पण त्यांच्या बाजूची जमीन आखाडात फुगेल, फट अर्धी होईल. एखादा खांब सूतभर उचलला तरी गोल भोकात आगळ जाणार नाही, आणि मग हातोडी घेऊन त्यालाच बोलावणार. ‘भोक लांब आहे म्हून गेट लागीन. फट आहे म्हून उघडीन.’

शेतकऱ्यानं भोकात बोट घालून पाहिलं. ‘मंग अजून थोडं लांब कर,’ तो म्हणाला.

कारागिरानं पट्टी शिकंज्यात धरली आणि कानस घेतली. भुगा खाली सांडत होता. काटा बाजूलाच होता, पण गेट आधीच तोलून झालं होतं, आणि या कानशीचं बिलात काही येणार नव्हतं.