गॅलरीतल्या मळ्यात काय लावावे?

बिनमातीची शेती म्हटली की कुणालाही ती जादू वाटते. वास्तविक रोपाला हवी असतात ती क्षारद्रव्ये. ती पाण्यातून दिली, मुळांना हवा आणि पानांना ऊन मिळाले, की रोपाची तक्रार नसते. कॅलिफोर्नियातील प्रा. गेरिक यांनी १९२९ च्या सुमारास या पद्धतीने टोमॅटोचे २५ फुटी वेल वाढवून दाखविले. आपल्याकडील अनुभवावर शोल्टो डग्लस यांचे ‘बंगाल पद्धती’वरील पुस्तक १९५१ साली निघाले.

डबा आणि खत बाजारात मिळते. खरी परीक्षा असते ती पीक निवडण्याची. खर्च आणि हंगाम दोन्ही तिच्यावरच अवलंबून. माझ्या गॅलरीत ऊन येते जेमतेम चार तास. तेव्हा टोमॅटो, मिरची, वांगी यांना मी हात जोडले. फळधारणेला सहा-आठ तास ऊन लागते. पालेभाज्या मात्र एवढ्यावर भागवून घेतात.

दिवाळीपासून माघापर्यंत पालक, मेथी, कोथिंबीर, सॅलडचा पाला लावावा. धने रगडून दोन फाकी करून पेरावेत. उन्हाळ्यात पाणी तापते, त्यातला प्राणवायू घटतो, मुळे कुजतात. सॅलडचा पाला तर कडूच होतो. त्या दिवसांत माठ आणि नाळीची भाजी बऱ्या. पुदिना बारमाही खरा, पण त्याची मुळे शेजाऱ्याच्या घरात शिरतात. त्याला वेगळा डबा द्यावा.

मुळा, गाजर, बटाटा यांच्या वाटेस जाऊ नये; जे खायचे तेच पाण्यात कुजायचे. काकडी-दुधीला नर-मादी फुले वेगळी. वरच्या मजल्यावर मधमाशी फिरकली नाही, तर परागाचे काम आपल्यालाच करावे लागते.

आणखी एक पथ्य: एका डब्यात एकाच जातीची मंडळी. पालेभाजीला सौम्य द्रावण चालते, टोमॅटोला कडक लागते. दोघांना एका पंगतीत बसविले तर एक उपाशी, दुसऱ्याला अजीर्ण. पाण्याचा सामू साडेपाच ते साडेसहा ठेवावा. डबा अपारदर्शक हवा, नाहीतर शेवाळ माजते.

गृहिणींनी आधी आपल्या गॅलरीतले ऊन घड्याळ लावून मोजावे आणि मगच बियांची पुडी फोडावी. पहिल्या वर्षी मेथी आणि पुदिना पुरे. महिन्याभरात स्वयंपाकघरातून ‘जरा चार काड्या खुडून आण’ अशी हाक आली, की मळा लागला म्हणून समजावे!