फाइल जागेवर, तरीही ४०४

वेबसाइटच्या फोल्डरात ‘आयकॉन्स’ नावाचं फोल्डर केलं, चित्रं टाकली, नावं-परवानग्या तपासल्या. तरी ब्राउझर ४०४च दाखवतो. सर्व्हर अपाची असेल, तर गडबड बहुधा नावातच असते. डेबियन, उबंटूवर अपाचीच्या मूळ मांडणीत ‘आयकॉन्स’ हा पत्ता आधीच राखीव असतो. फाइलींची यादी दाखवताना लागणारी छोटी चित्रं अपाचीच्या स्वतःच्या फोल्डरात असतात आणि ‘एलियास’ ही आज्ञा पत्ता तिकडे वळवते. एलियास आधी पाहिला जातो, साइटचं फोल्डर नंतर. त्यामुळे तुमच्या चित्रांपर्यंत विनंती पोचतच नाही. लॉगची पातळी (लॉगलेव्हल) ‘इन्फो’ करून चित्र पुन्हा मागवा आणि एरर लॉग उघडा. भलताच मार्ग दिसला, की चोर सापडला.

सर्व्हर तुमचा असेल, तर एलियासचं नाव बदला. मात्र यादीच्या चित्रांचे पत्ते ‘ऑटोइंडेक्स’च्या फाइलीत वेगळे लिहिलेले असतात, तेही बदला, नाहीतर याद्यांतली चित्रं तुटतील. मग अपाची रीलोड करा. भाड्याच्या होस्टिंगवर हा मार्ग बंदच, कारण तिथे हाती असलेल्या एचटीअ‍ॅक्सेस फाइलीत एलियास चालत नाही. तिथे सरळ आपल्याच फोल्डरचं नाव बदलावं.